‘जागृती’ आणि ‘मागणी’ : कष्टकरी स्त्रीच्या राजकीय सहभागाची मराठी परिभाषा

निवडणुकीचा हंगाम जवळ आला की मराठीत एक विशिष्ट प्रकारचे गद्य सर्वत्र दिसू लागते. भित्तिपत्रके, आवाहने, प्रतिज्ञा, घोषवाक्ये, पथनाट्यांच्या संहिता असा त्याचा पसारा असतो. त्याला वाङ्मय म्हणावे किंवा नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी ते भाषेचे कार्य आहे हे नाकारता येत नाही. आणि ज्याला उद्देशून ते लिहिले जाते त्याच्याविषयीची लिहिणाऱ्याची समजूत ह्या गद्यात जितकी उघडी पडते तितकी ती पुष्कळदा ललित वाङ्मयातही पडत नाही. ह्यातील जो भाग अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी, म्हणजे चाळींतून व झोपडवस्त्यांतून राहणाऱ्या, घरकाम, बांधकाम, शेतमजुरी किंवा किरकोळ विक्री करून पोट भरणाऱ्या स्त्रियांसाठी लिहिला जातो, त्याचा कणा ‘जागृती’ हा एकच शब्द आहे. मतदार जागृती, जनजागृती, महिला जागृती ही त्याची नित्याची रूपे. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही गृहीत धरलेले आहे ह्याची जाणीवही उरलेली नाही. गृहीत असे की, जिच्याशी आपण बोलत आहो ती झोपलेली आहे.

ह्या गृहीताची परीक्षा इतिहासाच्या आधारे करावयाची तर टिटवाळ्यापासून प्रारंभ करणे सोयीचे आहे. त्यापूर्वी मात्र शब्दाचे व्याकरण थोडे उलगडून पाहिले पाहिजे.

मराठीत ‘जागा होणे’ ही अकर्मक क्रिया आहे. जो झोपला होता तोच तिचा कर्ता. ‘जागवणे’ अथवा ‘जागे करणे’ ही प्रयोजक क्रिया. तिच्यात कर्ता निराळा आणि झोपलेला मनुष्य कर्माच्या ठिकाणी जातो. संस्कृतातून आलेले ‘जागृती’ हे नाम वस्तुतः जागणाऱ्याची अवस्था दाखविणारे आहे. तथापि आजच्या मराठीत त्याला ‘करणे’ किंवा ‘घडवून आणणे’ ह्या क्रियापदांची जोड लागते, आणि त्याबरोबर वाक्याची सारी मांडणी पालटते. ‘वस्तीतील महिलांमध्ये मतदानाविषयी जागृती करण्यात आली’ अशा धाटणीचे वाक्य घ्यावे. कर्ता कर्मणी रचनेत लुप्त झाला आहे. कर्म ‘जागृती’ हे आहे. ‘महिलांमध्ये’ हे अधिकरण. म्हणजे ज्या स्त्रियांसाठी हा सारा खटाटोप, त्या ह्या वाक्यात कर्त्याही नाहीत आणि कर्मही नाहीत. जिथे ही क्रिया घडते ते ठिकाण एवढेच त्यांचे स्थान. शेतात पेरणी करण्यात आली, तशी महिलांमध्ये जागृती करण्यात आली.

‘मतदान’ आणि ‘हक्क बजावणे’ ह्या शब्दप्रयोगांचेही असेच आहे. कन्यादान, भूदान, श्रमदान, रक्तदान ह्या मालिकेत मतदान बसते. दान देणाऱ्याला पुण्य मिळते. दिलेल्या वस्तूचा हिशेब त्याने मागावयाचा नसतो. ‘बजावणे’ हे फारसी मूळ असलेले क्रियापद मराठीत हुकूम, समन्स, कामगिरी आणि कर्तव्य ह्यांच्याबरोबर रुळले. ‘हक्क बजावा’ असे म्हटले की हक्काला कर्तव्याची वर्दी चढते. ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल की शब्दाची व्युत्पत्ती वापरणाऱ्याच्या मनात नसते, आणि ‘मतदान’ म्हणताना कोणीही पळी-पंचपात्र डोळ्यांपुढे आणीत नाही. आक्षेप रास्त आहे. व्युत्पत्तीवरून वर्तमान अर्थ ठरविणे हा शास्त्रीय दोषच होय. परंतु येथे मुद्दा व्युत्पत्तीचा नसून सहचारी शब्दांचा आहे. ‘पवित्र’, ‘कर्तव्य’, ‘उत्सव’ हे शब्द ह्या गद्यात ‘मतदाना’च्या शेजारी येऊन बसतात, आणि ‘पाणी’, ‘रेशन’, ‘गटार’, ‘मजुरी’ हे सहसा येत नाहीत. बोलीत मात्र कष्टकरी स्त्री ‘मत टाकते’, ‘मत देते’. मतपत्रिकेच्या काळात ती ‘शिक्का मारीत’ असे, यंत्रे आल्यापासून ‘बटण दाबते’. हे शब्द कोरडे आहेत, पण क्रिया तिची आहे.

ह्याच्या समोर ‘मागणी’ हा शब्द ठेवावा. मराठीत त्याचा संसार मोठा. भीक मागतात, जोगवा मागतात, देवाला कौल मागतात. आणि मुलीला मागणी येते. परंपरेच्या भाषेत स्त्री ही मागणीचा विषय आहे, मागणी करणारी नव्हे. तिने आपल्या तोंडाने मागितलेच तर ते मागणे देवापुढे, किंवा पदर पसरून. तेव्हा ज्या दिवशी शेतमजूर अथवा गिरणीकामगार स्त्री ‘आमच्या मागण्या’ असे म्हणते, त्या दिवशी एका जुन्या शब्दाची कर्तरी दिशा उलटलेली असते. घोषणांतील ‘पाहिजे’ ह्या रूपाचीही गंमत आहे. जुन्या मराठीतील ‘कीजे’, ‘दीजे’ ह्यांच्याप्रमाणे ते मुळात कर्मणी रूप. आज मराठी मोर्च्याला त्याच्याहून आक्रमक क्रियापद ठाऊक नाही. ‘मिळालेच पाहिजे’ म्हणताना कर्ता व्याकरणात दिसत नाही. तो रस्त्यावर उभा असतो.

टिटवाळा आज महागणपतीच्या देवळामुळे आणि कल्याण–कसारा मार्गावरील लोकलगाड्यांच्या गर्दीमुळे ओळखले जाते. भाविकांच्या पलीकडे त्याची दुसरी एक ओळख आहे, ती फारशी सांगितली जात नाही. जानेवारी १९४५ मध्ये येथे किसान परिषद भरली आणि महाराष्ट्रातील प्रांतिक किसान सभेचा पाया तीत घातला गेला. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यातून काही वारली त्या परिषदेस आले होते. त्यांच्या येण्यातूनच पुढची हकीकत घडली: २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद, वेठबिगार बंद करण्याचा आणि रोज बारा आणे मजुरीचा निर्धार, गवतकापणीचा संप, आणि १० ऑक्टोबरला तलवाडे येथे जमावावर झालेला गोळीबार. टिटवाळ्याला जे आले त्यांच्यात शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांची ‘जागृती’ आधी पोचली होती आणि मग ते आले, असा क्रम लावणे सोपे आहे. पण वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. कार्यकर्ते तालुक्यात पोचण्याआधी वारली परिषदेला पोचले. वेठ म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याचे कारण नव्हते. ती मांडावी कोठे आणि कोणापुढे, एवढेच त्यांना हवे होते.

ह्या संदर्भात मताधिकाराची तेव्हाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई विधिमंडळाने १९२१ साली स्त्रियांना मताधिकार मान्य केला. त्यामागे रमाबाई रानडे आदींचे प्रयत्न होते. मात्र त्याला मालमत्तेची अट होती. १९३५ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दोन वाटा थोड्या रुंद केल्या: स्वतःची साक्षरता, किंवा पतीची मालमत्ता. ज्या वारली स्त्रीजवळ अक्षर नव्हते आणि जिच्या नवऱ्याजवळ जमीन नव्हती, तिला ह्या दोन्ही वाटा सारख्याच बंद होत्या. म्हणजे १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत ज्या स्त्रियांनी वेठीला नकार दिला, त्या मतदार नव्हत्या. मत येण्यापूर्वी मागणी आली. आजच्या लोकशिक्षणपर गद्यात हा क्रम नेमका उलटा शिकविला जातो: आधी मत द्या, मग योग्य वेळी अपेक्षा धरा.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे ह्या लढ्याचे पुस्तक मराठीत मान्यता पावले. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वरवर पाहता त्याच्या नावात तीच जागृतीची प्रतिमा आहे. पण क्रियापद पाहावे. ‘जागा होतो’. अकर्मक. जागे करणारा ह्या नावात कोठेही नाही, आणि जिने उभे आयुष्य ह्या कामात घालविले त्या लेखिकेने तो आपल्या पुस्तकाच्या नावातून वगळावा ह्यात एक राजकीय विवेक आहे. ‘जागृती’चे गद्य लिहिणारांनी हे नाव नुसते वाचले तरी पुष्कळ आहे.

तरी ह्याच नावातील दुसऱ्या शब्दावर थांबावे लागते. ‘माणूस’ पुल्लिंगी चालविला आहे. ग्रामीण बोलीत ‘बाईमाणूस’ नपुंसकात ‘येतं’ आणि ‘जातं’. पुस्तकातला माणूस ‘जागा होतो’. हे केवळ व्याकरणाचे अपरिहार्य लिंग आहे असे म्हणून सोडून देता येईल. परंतु त्या भागातील दास्याची जी मुख्य संज्ञा होती तीही अशीच आहे. लग्नासाठी कर्ज काढल्याबद्दल जो जन्माचा वेठबिगार होई त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. त्याची बायकोही त्याच्याबरोबर सावकाराच्या वाड्यावर राबे. तिच्या वाट्याला राबण्याखेरीज आणखी काय येई हे परुळेकरांनी निर्भीडपणे लिहिले आहे. ज्या लग्नाने ती बांधली गेली ते लग्न संज्ञेत आहे, तिचा नवरा संज्ञेत आहे, ती स्वतः मात्र संज्ञेत नाही. दास्याची नोंदसुद्धा नवऱ्याच्या नावावर होती! सहभागाची नोंद पुढे ह्याहून निराळी झाली काय, हा प्रश्न येथूनच उद्भवतो.

किसान चळवळीच्या बाहेरही हा प्रश्न त्याच दशकात उभा होता. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास दलित वर्गातील स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या; हजारो स्त्रिया जमल्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वास बंदी, गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या रजा ह्यांविषयी ठराव झाले. मताधिकाराच्या दृष्टीने ह्याही बहुतेक बिनमताच्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ मध्ये ह्या स्त्रियांचा वृत्तांत ग्रंथरूपाने दिला, त्याचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्या ‘ही’ ह्या अव्ययात सत्तेचाळीस वर्षांचा विलंब आहे.

टिटवाळ्याहून मुंबईकडे जाणारी लोकल ज्या महानगराच्या कुशीत शिरते, तिथे ह्या मागणीला तीन दशकांनी एक शहरी रूप आले. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या त्या मुख्यतः पाण्याच्या प्रश्नावर. नळ नसलेल्या वस्तीतील स्त्रीला पाण्याचे महत्त्व पटवून देण्यासाठी पथनाट्याची गरज नसते. १९७२ साली, दुष्काळ आणि भाववाढ ह्यांच्या तडाख्यात, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. लाटणे मोर्चा हा तिच्या कार्याचा सर्वांत प्रसिद्ध भाग. रेशनचे धान्य, तेल, साखर, रॉकेल ह्यांसाठी स्त्रिया हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजविल्या.

चिन्ह म्हणून लाटण्याची निवड फार मार्मिक होती. मशाल, मूठ, ध्वज ही राजकारणातील चिन्हे सार्वजनिक जीवनातून घेतलेली असतात. लाटणे ओट्यावरून आले. त्याच्यासाठी वेगळी परिभाषा शिकावी लागली नाही. अर्थात त्यात एक संदिग्धता आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. लाटणे हाती घेतलेली स्त्री सार्वजनिक रस्त्यावर येते ती गृहिणी म्हणूनच. तिचे स्वयंपाकघराशी असलेले नाते मोर्चा तोडीत नाही, उलट त्याच नात्याच्या जोरावर बोलतो. ज्या स्त्रीच्या घरी लाटायला पीठ नव्हते आणि जी दिवसभर दुसरीच्या घरी पोळ्या लाटीत होती, तिच्या हातातील लाटणे आणि तिच्या मालकिणीच्या हातातील लाटणे एकाच मोर्च्यात असले तरी एकाच अर्थाचे नव्हते. समितीचे नेतृत्व सुशिक्षित होते. हा दोष म्हणून सांगावयाचा नाही. मात्र त्या काळाची आठवण काढताना नेत्यांची नावे येतात आणि रांगेतल्या बाईचे नाव येत नाही, हे खरेच आहे.

१९७७ च्या निवडणुकीच्या वेळची एक घोषणा अद्याप मुंबईकरांच्या स्मरणात आहे: ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’. त्या वर्षी मृणाल गोरे लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. भाषिक दृष्ट्या ही घोषणा अभ्यासण्याजोगी आहे. ‘-वाली’ हा प्रत्यय भाजीवाली, दूधवाली, कोळसेवाली अशा दारोदार फिरणाऱ्या स्त्रियांचा. तो आधी गोरेगावच्या नगरसेविकेला लागला, आणि मग त्याच मापाने पंतप्रधानांनाही लावला गेला. शब्दांचा क्रम उलटला, सप्तमीचा ‘-त’ दोन्हीकडे सारखा राहिला, आणि ‘पाण्यात’ ह्या एका पदाने नळाचे पाणी व बुडणे ह्या दोन्ही गोष्टी साधल्या. एकही शब्द असा नाही की जो नळावरच्या रांगेत उच्चारला जात नाही. लोकशिक्षणाच्या कोणत्याही आवाहनाने हे साधलेले नाही. राज्यकर्त्या व्यक्तीला आपल्या बोलीतील प्रत्यय लावता येणे ह्याहून राजकीय प्रौढपणाची आणखी कोणती खूण असू शकते?

नावाचा प्रश्न मात्र घोषणेने सुटत नाही, कारण घोषणा समूहाची असते आणि यादी एकेकीची. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची (१९५१-५२) मतदारयादी करताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांच्यासमोर एक भाषाशास्त्रीयच म्हणावी अशी अडचण आली. अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले. अशा नोंदी स्वीकारल्या जाणार नाहीत असे आयोगाने ठरविले, आणि सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे गाळली गेली. ती मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश ह्या भागांतील होती. निर्णय कठोर होता, पण तत्त्वतः बिनचूक. नात्याला मत नसते, व्यक्तीला असते.

महाराष्ट्रात ही अडचण त्या प्रमाणात आली नाही म्हणून समाधान मानावयाचे कारण नाही. नवऱ्याचे नाव न घेण्याचा संकेत मराठीतही होता. त्यातूनच उखाण्याची रीत टिकली. शिवाय मराठी रिवाजात लग्नाच्या वेळी मुलीचे स्वतःचे नावही बदलले जाई, ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहून. जमिनीच्या व दस्तऐवजांच्या जुन्या मराठीत पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ येई आणि स्त्रीच्या नावापुढे ‘कोम’, ‘भ्रतार’ किंवा ‘जौजे’. एकाच स्त्रीची माहेरच्या कागदावर एक ओळख, सासरच्या कागदावर दुसरी. सधन स्त्रीच्या बाबतीत ह्या दोन ओळखी जुळविण्यास कागदपत्रे असतात. जिचे बिऱ्हाड भाडे वाढले की हलते, जिचा जन्मदाखला नाही आणि शाळेचा दाखला गावी राहिला आहे, तिला नावातील एका अक्षराचा फरकही यादीबाहेर ठेवू शकतो. मतदार नोंदणीच्या कामावर नेमलेली अंगणवाडी सेविका दारी येते तेव्हा ती बहुधा कामावर गेलेली असते. अशा स्त्रीला ‘जागृत’ करून काय साधणार? ती पहाटेपासून जागीच आहे.

नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, त्यानंतर काही गावांनी ग्रामपंचायतीसाठी सबंध स्त्रियांची पॅनेले उभी केली आणि पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’च्या कार्यक्रमात पत्नीच्या नावे जमिनीची नोंद करण्याचा आग्रह धरला. पंचायत आणि सातबारा ह्या दोन्ही ठिकाणी स्त्रीचे नाव यावे हा दोन गोष्टींतील दुवा नेमका ओळखला गेला होता. भूमिहीन स्त्रीला मात्र त्यात जागा नव्हती.

भूमिहीन स्त्रीचा सातबारा म्हणजे तिचे काम. आणि त्या कामाच्या नावावरही मतभेद आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने आपल्या नावात ‘मोलकरीण’ हाच शब्द ठेवला. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये ह्या स्त्रियांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला तेव्हा त्याच्या नावात ‘घरेलू कामगार’ असा शब्द आला. ‘कामगार’ हे पद मिळाले हा लाभच. तथापि ‘घरेलू’ हे हिंदी विशेषण मराठी वस्तीत कोणी बोलत नाही, आणि ‘मोलकरीण’ ह्या शब्दात जे ‘मोल’ होते, म्हणजे केलेल्या कामाची किंमत, ते नव्या शब्दात उरलेले नाही. सभ्यतेसाठी शब्द बदलताना मागणीच हरवू नये, ह्याचे भान कायदा लिहिणारांनी ठेवावयास हवे होते. मतदानाच्या दिवशी ह्या स्त्रियांना पगारी सुटी मिळते काय, हा प्रश्नही शब्दार्थावरच येऊन ठेपतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ब व्यवसाय, व्यापार, औद्योगिक उपक्रम किंवा अन्य आस्थापना ह्यांत काम करणारांस ती सुटी देते. चार घरची धुणीभांडी करणारीच्या बाबतीत ‘आस्थापना’ कोणती? टिटवाळ्याहून सकाळी कल्याण-ठाण्याकडे कामाला जाणारी स्त्री ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या खिशातून देते: मत द्यावयाचे तर एक खाडा.

इतके असूनही ती मत देते. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात पुरुषांचे मतदान ६३ टक्क्यांच्या वर आणि स्त्रियांचे ४७ टक्क्यांच्या आत होते. २०१९ मध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिक भरले. महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा मतपेटीपर्यंत पोचण्याचा प्रश्न बहुतांशी सुटत आला आहे. मत दिल्यानंतर मागणी कोठे नेऊन ठेवावयाची हा प्रश्न सुटलेला नाही. टिटवाळा–मांडा हा भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतो. त्या महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, प्रशासक आला, आणि निवडणूक काही वर्षे झालीच नाही. पाणी, कचरा, पायवाट हे ज्या संस्थेचे विषय, तिथेच ह्या स्त्रियांना मत देण्याची संधी इतका काळ मिळाली नाही. त्या अवधीत दिलेले अर्ज ‘तरी कृपया’ अशा विनवणीच्या भाषेत प्रशासनाकडे जात राहणे स्वाभाविक होते. नगरसेविकेला ‘पाणीवाली बाई’ म्हणता येते. प्रशासकाला कोणता प्रत्यय लावावा हे मराठीला अद्याप सुचलेले नाही.

राज्याने स्त्रीला संबोधण्याची रीत ह्याच काळात बदलली, तिचीही नोंद घेतली पाहिजे. संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती संमत केली, तिच्या नावात ‘वंदन’ हा शब्द आहे. वंदन मूर्तीला करतात. मूर्ती काही मागत नाही. जून २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली: अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रीस दरमहा १,५०० रुपये. ज्या घरात महिनाअखेरीस गॅसचे पैसे उसने आणावे लागतात तिथे ही रक्कम क्षुल्लक नाही, आणि ती घेणाऱ्या स्त्रियांना ‘विकल्या गेल्या’ म्हणून हिणवणाऱ्या टीकेत गरिबांविषयीची जुनी तुच्छताच बोलते. आक्षेप आहे तो संबोधनाविषयी. ‘माझी’ ह्या सर्वनामाचा वक्ता मुख्यमंत्री; ‘लाडकी’ हे विशेषण देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून; ‘बहीण’ हे नाते. बहिणीला ओवाळणी मिळते. ओवाळणी ठरविणे, वाढविणे किंवा थांबविणे हे भावाकडे. तिने त्याविषयी ठराव करण्याची रीत नाही. शासकीय कागदोपत्री तिला दिलेली दुसरी संज्ञा ‘लाभार्थी’, म्हणजे लाभाची इच्छा धरणारी. सुकुमार सेनांनी १९५१ मध्ये नात्याने सांगितलेली ओळख यादीतून काढली होती. सत्तर-बहात्तर वर्षांनी शासनाने नाते स्वतः पुढे होऊन जोडले.

त्या योजनेच्या अर्जात स्त्रीचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव आणि लग्नानंतरचे पूर्ण नाव अशा दोन स्वतंत्र रकाने होत्या. ‘कोम’ आणि ‘जौजे’ गेले, पण ज्या दुभंगाची ते खूण होते तो छापील नमुन्यात कायम आहे. त्याच वर्षी, १ मे २०२४ पासून, महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलामुलींच्या नावानंतर शासकीय दस्तऐवजांत प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव लिहिण्याचा नियम लागू झाला. विवाहित स्त्रीच्या नावाबाबत मात्र तिचे नाव, पुढे पतीचे नाव आणि आडनाव ही प्रचलित पद्धतच चालू ठेवण्यात आली.